चौऱ्याऐंशी अंश

बाहेर उणे चौदा.
दौगावा नदी काठापासून काठापर्यंत गोठलेली,
आणि माझ्या टेबलाखाली चौऱ्याऐंशी अंश.

ग्राफिक्स कार्डाचे तिन्ही पंखे
रात्री अकराला एकदम सुटतात,
कुणी गिरणी चालू करावी तसे.
बर्फ कधी फुटेल, कुठे अडेल,
येकाब्पिल्सच्या कुठल्या गल्लीत पाणी शिरेल,
हे मी पूर-कार्यालयासाठी पडद्यावर मोडून पाहते,
एकेक तुकडा, लाख तुकडे.
पलीकडे आई. बेकरीच्या पाळीसाठी तीनला उठणारी.
भिंतीवर दोनदा ठोकते.
तिसऱ्यांदा ठोकत नाही. तेच लागतं.

म्हणून वॉटरब्लॉक.
चिपवर बसवायचा तांब्याचा ठोकळा,
पोटात केसाएवढ्या बारीक चऱ्या.
पाणी त्यातून जाईल, ऊब उचलेल
आणि मुकाट्यानं खिडकीपाशी नेऊन ठेवेल.

तीन आठवडे निवडते आहे.
निकेलचा मुलामा की उघडं तांबं.
झाकण पारदर्शक की काळं.
पारदर्शकात पाणी दिसतं, छान दिसतं,
पण नळीचं तोंड जरा जास्त आवळलं
की आट्यांपाशी तडा.
काळ्यात काहीच दिसत नाही,
बरंही नाही, वाईटही नाही.

आवडला तो माझ्या कार्डाचा नव्हताच.
नाव तेच, क्रमांक तोच,
पण माझं कार्ड बनवणाऱ्यांनी एक कपॅसिटर
दोन मिलिमीटर उंच लावलेला.
पट्टी घेतली, मोजलं, पुन्हा मोजलं.
दोन मिलिमीटर,
आणि सोयरीक मोडली.

दुसरा स्वस्त. निम्म्या किमतीत
रेडिएटर, पंप, नळ्या, सगळ्यासकट.
पैसे भरणारच होते, तेवढ्यात
तालिवाल्दिस मामा जेवायला आला, दारात बूट झटकत.
एकतीस वर्षं या गावाच्या तळघरांतून
त्यानं गरम पाण्याचे पाइप जोडले.
रेडिएटर कशाचा?
अॅल्युमिनियमचा.
आणि हा ठोकळा?
तांब्याचा.
त्यानं चमचा खाली ठेवला.
एका पाण्यात हे दोघं नांदत नाहीत, विझ्मा.
भांडण ऐकू येत नाही.
एक दुसऱ्याला खात राहतो, वर्षभर, गुपचूप.
मग एका सकाळी जमिनीवर ओल.

एल्झा मामी गेली ते साल मला आठवलं.
त्यालाही आठवलं असावं,
कारण त्यानं लगेच बीटचं सूप आणखी मागितलं.

शेवटी निकेलचा घेतला. काळ्या झाकणाचा, वापरलेला,
लिएपायाच्या एका पोराकडून.
चऱ्यांत त्याचं हिरवं पाणी वाळलेलं.
दातांच्या मऊ ब्रशनं, डिस्टिल्ड पाण्यानं
दोन संध्याकाळी घासत बसले.
रबराची कडी खाचेत मामानं बसवली,
डोळे मिटून, त्या जाड बोटानं,
मग कडेकडेनं पुन्हा एकदा फिरवलं,
झोपलेल्या मुलाचं पांघरूण चाचपावं तसं.

पहिली रात्र नुसता पंप.
कार्डाला वीज नाही, सगळीकडे टिपकागद पसरलेला.
मी खुर्चीत. मामा सोफ्यावर, घोरत.
सकाळी त्यानं प्रत्येक कागद
तळहातानं नाही, हाताच्या पाठीनं तपासला.
कोरडा. कोरडा. कोरडा.
हा ओला.
तो माझा चहा होता.

आता एकोणपन्नास अंश.
आई विचारते, काम बंद पडलं का.
नाही, म्हणते, चालू आहे.
मग कान देऊन उभी राहते दारात,
पटलेलं नसतं.

मार्चच्या सतरा तारखेला, मध्यरात्रीनंतर
मी बर्फ मोडत बसले होते, नेहमीसारखी,
आणि नदीकडून एक आवाज आला.
लांबचा, जाड, लाकूड उभं फाटल्यासारखा.
दोन हिवाळे इथेच बसते,
कधी ऐकला नव्हता.

पडद्यावर अजून नऊ दिवस बाकी होते.
मी फोन उचलला.